विश्लेषण : संगणकाला खंडाळा सापडतो कसा? आणि चुकीचा का सापडतो?

अर्ज भरताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव असे एकेक रकाने उघडत जातात. थेट गावाचे नाव का विचारत नाहीत, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर प्रोग्रॅमिंगमधल्या ‘नेस्टेड ॲरे’ या रचनेत आहे. या रचनेतून माहिती काढणे हा पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातला भाग असला, तरी त्यातली चूक अनेकदा कोणाच्या लक्षात न येता तशीच राहते.

खंडाळे नेमके किती?

लोणावळ्याशेजारचा, बोरघाटाच्या माथ्यावरचा खंडाळा सगळ्यांना ठाऊक आहे. १९९८ च्या ‘गुलाम’ चित्रपटातील गाण्याने तर तो देशभर पोहोचवला. पण महाराष्ट्रात खंडाळा एकच नाही. सातारा जिल्ह्यात खंडाळा नावाचा अख्खा तालुका आहे आणि त्याचे मुख्य ठिकाणही खंडाळाच. जुनी माणसे त्याला पारगाव-खंडाळा म्हणतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात एक खंडाळा आहे. रत्नागिरीत जयगडच्या वाटेवर वाटद-खंडाळा आहे.

यातली पहिली जोडी विशेष गमतीची. मावळातला आणि साताऱ्यातला असे दोन्ही खंडाळे एकाच राष्ट्रीय महामार्गावर आहेत, पूर्वीचा क्रमांक ४ आणि आताचा ४८. दोन्ही घाटाला लागून आहेत. एक बोरघाटाच्या माथ्यावर, तर दुसरा खंबाटकीच्या पायथ्याशी, शिरवळ ओलांडल्यावर. पुण्यापासून दोन्हींचे अंतर साधारण साठ-सत्तर किलोमीटर, दिशा मात्र वेगवेगळ्या. ‘पुण्याहून निघालोय, महामार्गाने, खंडाळ्याच्या घाटाजवळ गाडी बंद पडलीय’ एवढेच कोणी फोनवर सांगितले, तर ऐकणाऱ्याला दोन्ही ठिकाणे तितकीच बरोबर वाटू शकतात. माणूस निदान ‘कोणता खंडाळा?’ असे विचारतो. संगणकाला तसे विचारायला कोणीतरी आधी शिकवावे लागते.

नेस्टेड ॲरे म्हणजे काय?

ॲरे म्हणजे एका नावाखाली ओळीने ठेवलेली माहिती. त्यातल्या प्रत्येक घराला क्रमांक असतो, किंवा एक नाव असते. नावाने उघडणाऱ्या रचनेला पायथॉनमध्ये डिक्शनरी म्हणतात, जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट म्हणतात आणि पीएचपीमध्ये ती ॲरेच मानली जाते. त्या नावाला ‘की’, म्हणजे किल्ली म्हणण्याची पद्धत आहे. एका घरात साधी किंमत न ठेवता आणखी एक ॲरे ठेवला, त्याच्या घरात आणखी एक, की तो झाला नेस्टेड ॲरे. स्वयंपाकघरात फडताळ असते, फडताळात मसाल्याचा डबा, डब्यात वाट्या आणि एका वाटीत लवंग. ‘लवंग कुठे आहे?’ याचे खरे उत्तर ‘वाटीत’ हे नसते. फडताळापासून वाटीपर्यंतची सगळी वाट हे ते उत्तर असते.

राज्यातल्या गावांचे पिनकोड अशा रचनेत ठेवले आहेत असे समजू. जिल्ह्यात तालुके, तालुक्यात गावे, गावात त्याची माहिती. मग मावळातल्या खंडाळ्याचा पिनकोड असा मिळेल :

महाराष्ट्र["पुणे"]["मावळ"]["खंडाळा"]["पिन"]

उत्तर येईल ४१०३०१. आणि साताऱ्यातल्या खंडाळ्याचा असा :

महाराष्ट्र["सातारा"]["खंडाळा"]["खंडाळा"]["पिन"]

याचे उत्तर ४१२८०२. या ओळी केवळ वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिलेल्या नाहीत. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, देवनागरी नावे चालतात. ‘महाराष्ट्र’ या नावाने माहिती भरून ठेवली असेल, तर वरच्या दोन्ही ओळी अशाच्या अशा चालतील. शाळेतल्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवताना ही सोय फार कमी वापरली जाते.

चौकटी कंस डावीकडून उजवीकडे वाचायचे. प्रत्येक कंस म्हणजे एक दार. पहिले दार उघडले की हातात पूर्ण पुणे जिल्हा येतो, दुसऱ्यानंतर मावळ तालुका, तिसऱ्यानंतर गाव. शेवटच्या कंसानंतर जे मिळते ती किंमत. राज्यात चाळीस हजारांहून अधिक गावे असली, तरी संगणकाला त्या सगळ्यांवर नजर फिरवावी लागत नाही, कारण चार किल्ल्या लावल्या की काम होते. अर्जात जिल्हा-तालुका-गाव या क्रमाने विचारण्यामागे हा वेगही आहे आणि अचूकपणाही.

नुसते नाव देऊन शोधले तर?

नवखा प्रोग्रॅमर हमखास इथे फसतो. वाट माहीत नसेल तर तो ‘प्रत्येक घर उघडून बघ, आत ॲरे असेल तर त्यातही शिर, खंडाळा दिसला की थांब’ असा प्रोग्रॅम लिहितो. याला रिकर्सिव्ह शोध म्हणतात आणि तंत्र म्हणून त्यात काहीच चूक नाही. गडबड ‘दिसला की थांब’ या शब्दांत आहे. पहिला कोणता दिसेल हे माहिती कोणत्या क्रमाने भरली आहे यावर ठरते. जिल्हे अकारविल्हे लावले असतील तर छत्रपती संभाजीनगरचा क्रम पुण्याआधी लागतो. मग लोणावळ्याजवळच्या माणसाला वैजापूरचा पिनकोड मिळेल, तोही कोणतीही चूक न दाखवता.

साताऱ्याचे प्रकरण आणखी नाजूक आहे. तिथे ‘खंडाळा’ ही किल्ली दोन पातळ्यांवर आहे, वर तालुका आणि आत गाव. शोध वरच्या पातळीवर थांबला तर हाती गाव येत नाही, संपूर्ण तालुक्याचा डबा येतो. त्यातून ‘पिन’ मागितला की प्रोग्रॅम अडतो, कारण तालुक्याला पिन नाही, गावांना आहे. खरे तर इथे अडला ते बरेच झाले. तालुक्याच्या डब्यातही लोकसंख्येसारखा एखादा आकडा ठेवला असता, तर तो आकडा गावाचा म्हणून खपला असता.

काही जण वेगासाठी याच्या उलट रचना करतात. गावाचे नाव ही किल्ली आणि तालुका-जिल्हा ही किंमत. बहुतेक भाषांत एकाच किल्लीखाली दुसरी किंमत ठेवली, की आधीची पुसली जाते आणि त्याची सूचनाही येत नाही. माहितीच्या देवाणघेवाणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जेसन या रचनेतही एकच किल्ली दोनदा आली, तर बहुतेक प्रोग्रॅम शेवटची ठेवतात. अशा यादीत चार खंडाळे भरले तरी एकच उरतो. उपाय साधा आहे. नावाखाली एक वाट न ठेवता वाटांची यादी ठेवायची. ‘खंडाळा’ मागितला की चारही वाटा मिळाव्यात आणि त्यातली कोणती ते माणसाने निवडावे. यादीत एकच वाट असेल तेव्हाच प्रोग्रॅमने स्वतः पुढे जावे.

वाटेतला एखादा कप्पाच नसेल तर?

मावळातला खंडाळा लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत येतो. म्हणजे जिल्हा, पंचायत समिती, ग्रामपंचायत अशा रचनेत तो शोधला, तर सापडणार नाही. तो जागेवर आहे, लोक राहतात, रेल्वे स्थानक आहे, पण त्या यादीत त्याचा कप्पा नाही. तो सापडेल जिल्हा, नगरपरिषद, प्रभाग या वाटेने. महसूल, नागरी प्रशासन, टपाल आणि रेल्वे यांची प्रत्येकाची आपापली उतरंड असते. एकाच गावाकडे जाणाऱ्या वाटा त्यामुळे निरनिराळ्या असतात आणि एका खात्याची वाट दुसऱ्या खात्याच्या माहितीत चालवली, की मधेच दार लागत नाही.

अशा वेळी काय होते ते भाषेवर अवलंबून आहे. पायथॉन तिथल्या तिथे थांबतो आणि कोणती किल्ली सापडली नाही ते नाव घेऊन सांगतो. पीएचपी इशारा देतो आणि ‘काही नाही’ अशी किंमत हातात ठेवून पुढे जातो. जावास्क्रिप्टचा स्वभाव विचित्र आहे. किल्ली नसली तर तो गप्प राहून ‘अनडिफाइन्ड’ देतो, पण त्या अनडिफाइन्डमध्ये पुढची किल्ली लावायला गेले, की मग ओरडतो. म्हणजे चूक एका दाराशी होते आणि आरडाओरडा पुढच्या दाराशी. नवशिक्यांचे तासन् तास याच एका पायरीच्या फरकात जातात.

जावास्क्रिप्टमध्ये २०२० पासून यासाठी एक खूण मिळाली. कंसाच्या आधी ?. लिहिले, की ‘दार असेल तर उघड, नसेल तर मुकाट्याने परत ये’ असा अर्थ होतो. खूण छान आहे, म्हणूनच ती गरजेपेक्षा जास्त वापरली जाते. प्रत्येक दारापाशी ती लावणाऱ्याने ‘मावळ’ऐवजी चुकून ‘मवाळ’ टाइप केले, तरी प्रोग्रॅम तक्रार करणार नाही. तो फक्त ‘माहिती उपलब्ध नाही’ असे दाखवेल. अर्जदाराला वाटेल आपल्या गावाची नोंदच नाही, आणि खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यालाही तसेच वाटेल. जिथे कप्पा नसणे स्वाभाविक आहे तिथेच ही खूण लावावी. जिल्हा, तालुका अशा जागी तो असायलाच हवा, तिथे प्रोग्रॅम मोठ्याने थांबलेला चांगला.

शून्य आणि ‘नोंद नाही’ यांत फरक काय?

लोणावळा-खंडाळ्यात पावसाचा आकडा ही केवळ कुतूहलाची गोष्ट नसते. ३० जून २०२४ रोजी, रविवारी भर दुपारी, भुशी धरणामागच्या धबधब्यात पर्यटनासाठी आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्या दुर्घटनेचा संगणकाशी काही संबंध नव्हता. पण त्या दिवशी पाऊस किती होता, हे कोणी विद्यार्थी नोंदींतून शोधू लागला, तर तो कुठे कुठे घसरू शकतो ते पाहण्यासारखे आहे.

समजा, ‘पाऊस’ नावाच्या ॲरेत बारा महिन्यांचे बारा कप्पे आहेत आणि प्रत्येकात त्या महिन्याच्या दिवसांचे आकडे. बहुतेक भाषांत मोजणी शून्यापासून होते, म्हणून जून हा सहावा नाही, पाचवा कप्पा. तीस तारीख ही एकोणतिसावी. बरोबर वाट अशी :

पाऊस[५][२९]

छापताना इथे देवनागरी अंक वापरले आहेत, संगणकावर मात्र कंसात इंग्रजी अंकच द्यावे लागतात. आता शून्याची गोष्ट विसरून कोणी सरळ पाऊस[६][३०] लिहिले, तर काय होईल? प्रोग्रॅम अडेल असे वाटते, पण अडत नाही. सहावा कप्पा जुलैचा आहे, त्याला ३१ दिवस असतात, म्हणून तिसावे घरही असते. उत्तर मिळते ते ३१ जुलैचे. आकडा पावसाळ्यातलाच, दिसायला अगदी पटण्यासारखा. शंका घ्यायला काही कारणच उरत नाही.

त्यात भर जावास्क्रिप्टच्या दिनांकाची. तिथे महिने शून्यापासून मोजतात आणि तारखा एकपासून. १९९५ मध्ये भाषा घाईने तयार झाली तेव्हा जावातली पद्धत जशीच्या तशी उचलली गेली आणि आता ती बदलणे अशक्य आहे. एकाच ओळीत दोन मोजण्या!

आणखी एक खाच संगणकाची नाही, हवामानशास्त्राची आहे. भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि त्या क्षणी मोजलेला पाऊस त्या दिवसाच्या तारखेने नोंदवला जातो. म्हणजे ३० जूनची नोंद ही २९ जूनच्या सकाळी साडेआठपासूनची. रविवारी दुपारी पडलेला पाऊस १ जुलैच्या नोंदीत, म्हणजे पाऊस[६][०] मध्ये असेल. प्रोग्रॅम अगदी बिनचूक असूनही, ही पद्धत ठाऊक नसलेल्याला चुकीच्या दिवसाचा पाऊस मिळतो. ॲरेतली वाट बरोबर असणे पुरेसे नसते, घरात काय ठेवले आहे हेही माहीत असावे लागते.

आणि त्या घरात काहीच नसेल तर? पर्जन्यमापक बंद असेल, वाचन घ्यायचे राहिले असेल. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. नोंद नाही म्हणजे पडला की नाही ते माहीत नाही. पण जावास्क्रिप्टमधल्या || या जुन्या खुणेला शून्य आणि रिकामे यांत फरक कळत नाही. ‘आकडा नसेल तर नोंद नाही असे लिही’ हे सांगायला ती वापरली, तर कोरड्या दिवशीचे शून्यही ‘नोंद नाही’ होऊन बसते. म्हणून ?? ही नवी खूण आली. ती फक्त खरोखर काही नसेल तेव्हाच पर्याय घेते :

पाऊस?.[५]?.[२९] ?? "नोंद नाही"

उलटी चूक जास्त महागात पडते. सापडले नाही तर शून्य धर, असे लिहिले की मुसळधार पावसात बंद पडलेले यंत्र ‘शून्य मिलिमीटर’ सांगू लागते. हवामान विभागाच्या वर्गीकरणात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’ पाऊस धरतात. इशारा देणाऱ्या प्रोग्रॅमला तुलना करायला आकडा लागतो आणि शून्य हा कायमच सुरक्षित बाजूला पडतो. हवामान विभागाच्या चौकटीनिहाय पाऊसनोंदींत रिकाम्या जागी उणे ९९९ लिहिलेले असते ते यासाठीच, कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून. तरी ते सुटते. उणे ९९९ न गाळता महिन्याची बेरीज केली, की एका न घेतलेल्या वाचनामुळे जवळजवळ एक मीटर पाऊस वाहून जातो.

अक्षरे सारखी, तरी किल्ली लागत नाही?

माणसाच्या डोळ्याला ‘खंडाळा’ आणि ‘खंडाला’ एकच वाटतात. संगणकासाठी ती दोन वेगळी नावे आहेत. हिंदीतून आलेल्या माहितीत ळ चा ल झालेला असतो, जुन्या कागदांवर ‘खण्डाळा’ असते आणि रोमन लिपीत लोणावळ्याची निदान तीन स्पेलिंगे वापरात आहेत.

मराठीपुरती एक खास अडचण ‘ऱ’ची. सातारा जिल्ह्यातलेच कऱ्हाड घ्या. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एक अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि र खाली नुक्ता देऊनही. पडद्यावर दोन्ही एकसारखी दिसतात, छापल्यावरही एकसारखीच. एकाने एका कीबोर्डवरून भरलेले कऱ्हाड दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवरून शोधले, तर सापडेलच असे नाही. युनिकोडमध्ये यावर ‘नॉर्मलायझेशन’ नावाचा उपाय आहे. माहिती भरताना आणि शोधताना दोन्ही वेळा अक्षरे एका ठरलेल्या रूपात आणायची. ही एक ओळ इंग्रजीपुरता विचार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक वेळा नसते.

टपाल खात्याने हे कधीच सोडवले होते का?

बऱ्याच अंशी, हो. एकसारखी गावांची नावे आणि निरनिराळ्या भाषांतले पत्ते यांनी टपालाची छाननी करणारे हैराण होत. त्यावर केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. सहा अंकी पिन म्हणजे सपाट करून ठेवलेली नेस्टेड वाटच आहे. पहिला अंक देशातला विभाग, दुसरा त्यातला उपविभाग, तिसऱ्याने छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. ४१०३०१ आणि ४१२८०२ शेजारी ठेवून पाहा. ‘४१’पर्यंत दोन्ही खंडाळे एकाच वाटेने येतात आणि तिसऱ्या अंकाला फुटतात. पाकिटावर नाव कोणत्याही लिपीत असो, पत्र योग्य घाटात जाते.

टपाल खात्यानेच २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन याच कल्पनेचे पुढचे टोक आहे. आयआयटी हैदराबाद आणि राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साह्याने तो तयार झाला. त्यात नावच नाही. संपूर्ण देश एका चौकोनात बसवायचा, त्याचे चार बाय चार असे सोळा तुकडे करायचे, ज्या तुकड्यात जागा आहे त्याचे चिन्ह लिहायचे, मग त्या तुकड्याचे पुन्हा सोळा. असे दहा वेळा केले, की साधारण चार मीटर बाजूचा चौकोन उरतो. गणिताने पाहिले तर सहा चिन्हांवर थांबल्यास सुमारे एक किलोमीटरचा चौकोन मिळतो, म्हणजे अर्धवट वाटही उपयोगाची ठरते. ‘महाराष्ट्र["पुणे"]["मावळ"]’ एवढ्यावर थांबले तरी निदान तालुका कळतो, तसेच. शेवटचे चिन्ह चुकले तर पाहुणा शेजारच्या अंगणात जाईल. पहिलेच चुकले तर तो हजार किलोमीटरवर जाऊ शकतो, कारण पहिल्या पातळीवरचा एकेक तुकडा तेवढा मोठा आहे.

या जाळ्यात दोन्ही खंडाळ्यांचे पहिले चिन्ह एकच येते. दुसऱ्या पातळीची एक रेषा १८.२५ अंश उत्तर अक्षांशावरून जाते. मावळातला खंडाळा तिच्या उत्तरेला पडतो आणि साताऱ्यातला दक्षिणेला.